विसावी केस

खोटं लिहायचंच तर माणसानं बेतानं लिहावं. नाव, वय, वेळ, वजन, संपलं. पण फ्लोरबेलला पहिल्यापासून तपशिलाचा सोस, आणि तोच तिला भोवला.

सान रोकेलच्या कम्युनिटी कॉलेजात आरोग्यशास्त्राच्या इमारतीत ती सुईणपणाचा डिप्लोमा करत होती. दोन वर्षांत वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं करायची, प्रत्येकाचा कागद भरायचा, त्यावर मोठ्या सुईणीची सही घ्यायची, तेव्हा कुठे सरकारी परीक्षेला बसायला मिळायचं. पोरी त्याला 'केस' म्हणत. दोघी भेटल्या की जेवलीस का हे नंतर, तुझ्या किती झाल्या हे आधी. आणि गाव केवढं, तर वीतभर. पोरी चाळीस, आणि पोटुशा बाया काही कॉलेजच्या वेळापत्रकाप्रमाणे बाळंत होत नाहीत. एक बाई कळा देत असायची आणि खाटेभोवती चार पोरी हातमोजे घालून एकमेकींना कोपरं मारत असायच्या. मग शेवटच्या महिन्यात कुणाची एक, कुणाची दोन अशा केस कागदावरच जन्माला यायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

फ्लोरबेलच्या एकोणीस झाल्या होत्या. सगळ्या खऱ्या. विसावी काही केल्या मिळेना.

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, पुढच्या वर्षी बसू. पण फ्लोरबेलच्या बेटावरचं आरोग्य केंद्र चार वर्षं कुलूप लावून पडलं होतं. मालुबोग बेटावरची बाई अडली की तिला तीन तास होडीतून आणायची. फ्लोरबेलच्या थोरल्या बहिणीचं पहिलं मूल त्या होडीतच आलं आणि होडीतच गेलं. सरकारी साहेबानं सांगून ठेवलं होतं, या वर्षी तुमची मुलगी पास होऊन आली तर केंद्र उघडतो, नाही तर ते दुसऱ्या गावाला देतो. आईनं तर केंद्र झाडून पडदेसुद्धा लावले होते. तेव्हा एका केसपायी हे सगळं सोडून द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

एके दिवशी कॅन्टीनमध्ये भात आणि सुकी मासळी खाता खाता तिनं कोरा कागद काढला. समोर तिची मैत्रीण जिंकी होती. जिंकीच्या स्वतःच्या तीन केस हवेतल्या, त्यामुळे तिला अनुभव होता.

"नाव काय घालू?"

"जुनाट काहीतरी घाल. खेड्यातल्या बायांना अजून आज्यांची नावं असतात."

"देल्फिना. देल्फिना सालुदारेस."

"वा गं बाई, बारसंच केलंस. राहते कुठे?"

"लिनावला. मिठागरांच्या पलीकडे."

"असलं गावच नाही तिकडे. तिकडे नुसते बगळे राहतात."

"मग बगळ्यांना विचारायला कोण जातंय?"

वय एकतीस, तिसरं बाळंतपण, आधीच्या दोन मुली. दुपारी दोन चाळीसला मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे, लगेच रडली. दोन एक्केचाळीसला गर्भाशय आवळायचं इंजेक्शन. चार वाजता आई आणि बाळ सुखरूप घरी. मध्ये एक रकाना होता, 'दुसरं मूल आहे का?' इंजेक्शन देण्याआधी बाईच्या पोटावर हात ठेवून आत आणखी मूल नाही ना, हे बघायचं असतं. फ्लोरबेलनं 'नाही'वर खूण केली. खऱ्या एकोणीस कागदांवरही ती खूण होतीच. त्यातल्या किती वेळा हात खरंच पोटावर गेला होता, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सही करायची होती व्हिसी मॅडमना. या मॅडम तिथल्या प्रसूतिगृहाच्या मुख्य, तीस वर्षं सुईणपण केलेल्या. नजर करडी होती, पण गुडघे गेले होते.

"ही कुठली गं? मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही त्या दिवशी नगरपालिकेत होता, मॅडम. मानांग लोर्ना होत्या ड्यूटीवर." या मानांग लोर्ना, म्हणजे लोर्नाताई, आठवड्यापूर्वीच नोकरीसाठी सौदीला गेल्या होत्या.

"कशी होती बाई?"

इथे 'बरी होती' म्हणून गप्प बसायचं की नाही? पण नाही. "एकटीच आली होती, मॅडम. नवरा बोटीवर असतो. डाव्या भुवईवर व्रण होता. आणि एवढ्या कळा आल्या, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही."

"शहाणी बाई," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सही ठोकली.

याला तीन आठवडे झाले. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी शुक्रवारी लागायची होती. बुधवारी फ्लोरबेलची प्रसूतिगृहात शेवटची ड्यूटी होती.

दुपारचा दीड वाजला होता. खाटा रिकाम्या. ऊन असं की रस्त्यावरचं कुत्रंही सावली सोडत नव्हतं. व्हिसी मॅडम पलीकडच्या गावी एका अंत्यविधीला गेल्या होत्या आणि जिंकी साखरेत तळलेली केळी आणते म्हणून जी गेली ती गेलीच. फ्लोरबेल टेबलाशी बसून कापसाचे बोळे करत होती. दाराचा आवाज झाला नाही. तिनं मान वर केली तेव्हा बाई उंबऱ्याच्या आत उभी होती, दोन्ही हात पोटाखाली धरून.

"या, या, बसा," फ्लोरबेल लगबगीनं उठली. "कळा कधीपासून येतायत?"

"सकाळपासून."

"बरोबर कोण आहे?"

"एकटीच आलेय."

बाईची पावलं घोट्यापर्यंत पांढरी होती. वाळलेलं मीठ होतं ते. चालताना फरशीवर त्याचा चुरा पडत होता. फ्लोरबेलनं तिला खाटेवर घेतलं, रक्तदाब पाहिला, नोंदवही ओढली.

"नाव सांगा."

"तुला ठाऊक आहे."

"मला कसं ठाऊक असणार, मानांग? पहिल्यांदा बघतेय तुम्हाला."

"देल्फिना सालुदारेस," बाई म्हणाली. "लिनाव. वय एकतीस."

फ्लोरबेलच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. पहिल्यांदा तिला राग आला तो जिंकीचा. ही भवानी थट्टा करतेय, कुठली तरी मावशी पढवून पाठवलीय. तिनं बाईकडे नीट पाहिलं. डाव्या भुवईवर व्रण होता. मग ती थर्मामीटर घ्यायला वळली आणि तिच्या लक्षात आलं, की बाईचा चेहरा आपल्याला आठवत नाही. नाक कसं होतं, गोरी की सावळी, काही नाही. पुन्हा पाहिलं, पुन्हा वळली, पुन्हा तेच. नजरेआड झाली की नुसता व्रण उरायचा. फ्लोरबेलनं त्या बाईला दुसरं काही दिलंच नव्हतं.

तिनं व्हिसी मॅडमना फोन लावला. चौथ्यांदा लागला.

"मॅडम, लवकर या. बाई आलीय, अगदी टेकलीय."

"कोण आहे?"

नाव सांगितलं तर मॅडमना एका क्षणात कळणार होतं. तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली बाई आज पुन्हा कशी बाळंत होईल? "नाव विचारलं नाही अजून," ती म्हणाली.

"बरं, मी तीनचाकी बघते. तास तरी लागेल. घाबरू नकोस, पोरी, एकोणीस केल्यायस."

मॅडम वीस म्हणाल्या नाहीत हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी ती नुसती खाटेकडे बघत उभी होती. बाईला कळ आली होती. पाय ताठ झाले, हाताच्या शिरा टरारून वर आल्या, आणि तोंडातून आवाज नाही. श्वाससुद्धा ऐकू येईना.

"ओरडा, मानांग," फ्लोरबेल म्हणाली. "ओरडलं की बरं वाटतं. इथे कुणी नाही."

बाईनं मान हलवली. ओरडता येत नाही, असं.

"घरी कोण असतं?" काहीतरी बोलायचं म्हणून फ्लोरबेलनं विचारलं.

"दोघी मुली."

"नावं काय त्यांची?"

"नावं नाहीत," बाई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "थोरलीला हाक मारायची झाली तर मी नुसती दारात उभी राहते. मग दोघी येतात."

"आणि नवरा?"

"बोटीवर. कुठल्या बोटीवर ते तू सांगितलं नाहीस. मी वाट बघते."

फ्लोरबेलला रडूच फुटलं. एका दुपारी, मासळीचा काटा दातांतून काढता काढता, तिनं या बाईला एक रिकामं गाव देऊन टाकलं होतं. "मला माफ करा," ती म्हणाली. तेवढ्यात बाईला पुन्हा कळ आली.

पुढचं सगळं कागदाबरहुकूम झालं. डोकं दिसलं, खांदे फिरले, मूल तिच्या हातात आलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मुलगी. लगेच रडली. वजन करायची गरजच नव्हती, तरी तिनं केलं. दोन किलो नऊशे. आणि खरं सांगायचं तर फ्लोरबेलला त्या क्षणी भीतीपेक्षा सुटल्यासारखं वाटलं. शेवट सुखरूप लिहिलाय ना आपण. म्हणजे बाई वाचणार, मूल वाचणार, चार वाजता दोघी घरी. मॅडम यायच्या आत सगळं आवरेल, नोंदवहीत काही लिहायलाच नको. मुलीला आईच्या छातीवर ठेवून तिनं इंजेक्शन भरलं. घड्याळाचा काटा एक्केचाळीसवर सरकला. तिनं सुई बाईच्या मांडीपाशी नेली.

बाई तिच्याकडे बघत होती. मागणं असं काही नव्हतं त्या नजरेत. सवय झालेल्या माणसाची नजर होती ती, ज्याला कुणी काही विचारत नाही.

फ्लोरबेलचा हात थांबला. का थांबला, कुणास ठाऊक. दोन वर्षं वर्गात घोकलेलं आठवलं असेल, किंवा या बाईचं अजून काय काय आपण न बघता ठरवून टाकलंय असं वाटलं असेल. तिनं डावा हात बाईच्या पोटावर ठेवला.

पोट खाली बसलेलं नव्हतं. वर होतं, घट्ट होतं. आणि हाताखालून कुणीतरी लाथ मारली.

तिनं सुई झटकन मागे घेतली. ती सुई गेली असती तर गर्भाशय आवळलं असतं आणि आतलं मूल आतच घुसमटलं असतं.

"मानांग," ती म्हणाली, "आत आणखी एक आहे."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाली. "पण ते लिहिलेलं नाही."

आता कागदाचा आधार संपला होता. हे मूल वाचेल की नाही, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. फ्लोरबेलनं घाम पुसला आणि वाट पाहिली. कळ आली तशी आधी एक पाऊल दिसलं, मग दुसरं. पायाळू. एकोणिसांत एकही पायाळू नव्हतं. ओढायचं नाही, एवढं एकच तिला आठवत होतं, काही झालं तरी ओढायचं नाही. तिनं हात जवळ धरले आणि थांबून राहिली. कंबर आली, पाठ आली, आणि डोकं अडकलं. बाईची बोटं खाटेच्या कडेवर पांढरी पडली.

आणि मग ती ओरडली. असा आवाज त्या खोलीत पूर्वी कधी झाला नव्हता. खिडकीवरच्या चिमण्या उडाल्या, रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. फ्लोरबेलनं वर पाहिलं तर बाईला चेहरा होता. रुंद जिवणी, पुढच्या दातांत फट, गालावर घामाला चिकटलेले केस. एवढं दुखत असताना ती बाई जिवंत दिसत होती.

मूल बाहेर आलं ते निळं आणि सैल. फ्लोरबेलनं पंचा घेतला आणि पाठ चोळायला लागली. रड, ती म्हणत होती, रड ना गं बये, रड. चोळता चोळता तिनं त्या मुलीला शिव्यासुद्धा दिल्या. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. घड्याळाकडे बघायचं तिला सुचलंच नाही. मग हातातला तो गोळा आखडला, तोंड वाकडं झालं, आणि मुलगी रडली. किरटं, रागावलेलं रडणं होतं. फ्लोरबेल खालीच बसली आणि तिच्याबरोबर रडली.

वार पडली. रक्त बेताचंच गेलं. बाईनं थोडं पाणी मागितलं, प्यायली, आणि उठून बसली. पहिली मुलगी तिनं अंगावरच्या फडक्यात छातीशी बांधली.

"झोपा, मानांग. आजची रात्र तरी इथे राहायचं असतं."

"चार वाजता घरी जायचंय मला."

"मग हिलाही घ्या." फ्लोरबेलनं दुसरी पुढे केली.

बाईनं हात पुढे केला आणि मुलीच्या कपाळावर ठेवला. खूप वेळ ठेवला. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं होतं, जे कुठल्याही आईच्या चेहऱ्यावर असतं.

"तिला मला नेता येणार नाही," ती म्हणाली. "ती कागदावर नाही. तिकडे तिला उभं राहायलाही जागा नाही."

"मग मी काय करू?"

"तिला माझं नाव लाव," बाई म्हणाली. "तेवढंच आहे माझ्याकडे."

ती उंबऱ्यातून बाहेर पडली. फ्लोरबेल मुलीला घेऊन दारापर्यंत धावली. बाई मिठागरांच्या बांधावरून चालली होती, हलक्या पावलांनी, आणि ती पाठमोरी असतानाही तिचा चेहरा फ्लोरबेलला आठवत होता. बांध संपेपर्यंत ती दिसली. पुढे नुसतं ऊन होतं.

व्हिसी मॅडम लंगडत आत आल्या त्या सव्वाचारला. त्यांनी खाट पाहिली, तिच्यावरचं रक्त पाहिलं, ताटलीतली एकच वार पाहिली, फ्लोरबेलच्या हातातलं मूल पाहिलं.

"आई कुठाय?"

"गेली."

"गेली म्हणजे? बाळ टाकून?" मॅडम खुर्चीत बसल्या, गुडघे दाबत. तीस वर्षांत त्यांनी हेही पाहिलेलं होतं. "बरं. तू एकटीनं केलंस, नियमात बसत नाही, पण ते मी बघते. लिही, आई अनोळखी. उद्या कल्याण खात्याची माणसं येऊन घेऊन जातील. आणि तोंड असं का झालंय तुझं? परवा यादी लागेल, महिन्याभरात तू तुझ्या बेटावर. तिथल्या बाया वाट बघतायत."

किती सोपं होतं. खोटंसुद्धा नव्हतं म्हणायला. त्या बाईला या जगात कोण ओळखत होतं? फ्लोरबेलला होडीतली बहीण आठवली, केंद्राचे पडदे आठवले. आई ते पडदे कशी उतरवेल तेही दिसलं. मग हातातली मुलगी हलली. आई अनोळखी लिहिलं, की हीसुद्धा दारात उभ्या राहणाऱ्या त्या दोघींसारखी झाली.

तिनं नोंदवही ओढली. एका हातानं मुलीला धरून दुसऱ्या हातानं लिहायला लागली. मॅडमनी चष्मा चढवला आणि वाकून पाहिलं.

"देल्फिना सालुदारेस," त्यांनी वाचलं. "लिनाव. हे नाव मी कुठे तरी..." त्या थांबल्या. "वेळ का नाही घातलीस?"

"पाहिली नाही."

"वजन?"

"केलं नाही अजून."

"आणि हे काय? दुसरं मूल? मग पहिलं कुठाय?"

फ्लोरबेलनं मान वर केली.

"पहिल्याच्या कागदावर तुमची सही आहे, मॅडम. तीन आठवड्यांपूर्वीची. तेव्हा ती बाई नव्हती. मी रचली होती."

मॅडमनी ताटलीकडे पाहिलं, मग मुलीकडे. शुक्रवारच्या यादीत एक नाव कमी असणार होतं. मॅडमच्या सहीचंही काय व्हायचं ते होणार होतं. दोघींनाही ते न बोलता कळलं होतं. बाहेर जिंकीची चप्पल वाजली आणि तळलेल्या केळ्यांचा वास आला.

शेवटी मॅडमनी चष्मा काढून ॲप्रननं पुसला आणि परत घातला. पेन आपल्या हातात घेतलं.

"मुलीचं नाव?" त्यांनी विचारलं.

"थांबा, मॅडम," फ्लोरबेल म्हणाली. "या वेळी विचार करून ठेवते."